वहिनींनी बांधलेली घंटी

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बहिणीला सांगितली नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे बायकोला सांगायचा प्रश्नच आला नाही. पंचवटीत सगळं आयुष्य काढलं, पाच मिनिटांवर देव, पण त्याच्यापुढेही कधी बोललो नाही. त्याला ठाऊक असेलच, मग आपण कशाला सांगायचं — असं म्हणायचो. सोयीचं होतं ना ते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाला सांगायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती, आजही नाही.

घंटीची गोष्ट आहे. मोटरसायकलला बांधलेल्या एका पितळी घंटीची. एवढ्याशा वस्तूचं काय एवढं, असं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. मीही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचा प्रयत्न केला.

मी फिटर. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी केली, निवृत्त झालो. आयुष्यभर नट आवळले, दुसरं काही केलं नाही. आणि चांगले आवळले — हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं तर फुशारकी म्हणूनच सांगतोय, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमच्या खात्यात म्हणायचे, यानं आवळलंय ना, मग परत बघायला नको. ते ऐकायला मला फार आवडायचं. दुसरं ऐकण्यासारखं माझ्याबद्दल कुणी काही बोलतही नव्हतं म्हणा.

एकनाथ माझ्याबरोबर लागला. नामपूरचा. घरी कांद्याची शेती, मोठा गोतावळा, आणि तोंड म्हणाल तर सतत चालू. मी कमी बोलणारा. आम्ही दोघांनी पंचवटीत एका गुरुजींच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली आणि सहा वर्षं एकत्र राहिलो. भाकरी तो थापायचा, वरणभात माझ्याकडे. भाकरी थापताना तो त्याच्या अहिराणीत काहीबाही बडबडायचा, मला निम्मं कळायचं नाही, पण कान तिकडे असायचा. आईवडील माझे लवकर गेले होते. बहीण लांब दिलेली. तेव्हा ते सहा वर्षांचं जे काही होतं, तेच माझं घर. हे मला तेव्हा कळलं होतं का? छे. घर म्हणजे काय ते मला खोली सोडल्यावर कळलं.

त्याचं लग्न ठरलं. मुलगी पिंपळगावची, सुमन नाव. खोली तुम्ही घ्या म्हणून मीच सांगितलं. अगदी मोठेपणानं. मी जिन्यावरची अडगळीची खोली साफ करून घेतली. खालून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा. वहिनी चांगल्या होत्या — हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट असत्या तर मला आज सोपं गेलं असतं. रविवारी जेवायला बोलवायच्या. “भाऊजी, पातळ पिठलं आवडतं ना तुम्हाला?” म्हणून विचारून करायच्या. मी जेवायचो, छान झालंय म्हणायचो आणि वर जाऊन पडायचो. त्या माझ्याशी जितक्या चांगल्या वागायच्या तितका मी आतून आंबत जायचो. आता सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच बसलोय तर सगळं सांगतो. मला वाटायचं, ह्या आल्या आणि माझं संपलं.

लग्नाच्या वर्षीच एकनाथनं जुनी मोटरसायकल घेतली. मग रोज आम्ही दोघं एकत्र कामावर जायला लागलो. तो पुढे, मी मागे. त्याचं बोलणं वाऱ्यात अर्धं उडून जायचं, तरी मी हं हं करायचो. दिवसातला तो पाऊण तास माझा होता.

पहिला दसरा आला. एकनाथची आई, मी त्यांना मावशी म्हणायचो, नामपूरहून मुद्दाम आली आणि येताना एक घंटी घेऊन आली. त्यांच्या घरचा जुना बैल होता, त्याच्या गळ्यातली. बैल म्हातारा होऊन गेला होता आणि मावशींनी घंटी जपून ठेवली होती. त्यांचं म्हणणं असं, की आता आपल्या पोराचं वाहन हेच, तेव्हा घंटी ह्या गाडीच्या गळ्यात बांधायची. घंटीचं जनावर वाट चुकत नाही आणि त्याच्या वाटेला कुणी जात नाही. घंटी घरच्या लक्ष्मीनं बांधायची, म्हणजे सुनेनं. आणि एकदा बांधली की वर्षभर त्या गाठीला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या दसऱ्याला तिनंच सोडायची, तिनंच नव्यानं बांधायची.

गुरुजींच्या अंगणात गाडी धुऊन उभी केली. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. वहिनींनी दिव्याखालच्या पट्टीला पूजेच्या लाल-पिवळ्या दोऱ्यानं घंटी बांधली. सात वेढे घेतले, गाठ मारली, वर दुसरी मारली, आणि दात ओठात रोवून अशी ओढली की एकनाथ म्हणाला, अगं गाडी मोडशील. सगळे हसले. मीही हसलो. मावशींनी गाठ ओढून पाहिली आणि सुनेच्या गालावरून हात फिरवला. हे लक्षात ठेवा — मावशींनी स्वतः ओढून पाहिली होती. पुढे त्या ते विसरल्या. मी विसरलो नव्हतो.

आता रोज ती घंटी वाजायची. खड्डा आला की वाजायची, ब्रेक मारला की वाजायची. एकनाथ बोलता बोलता थांबायचा आणि म्हणायचा, “ऐक, तुझी वहिनी बोलतेय.” गमतीनं म्हणायचा हो. पण माझा पाऊण तास होता तो. त्यातही त्या येऊन बसल्या, असं मला झालं.

मग मी काय केलं? शेवटी तिथंच यायचंय, आलो.

दसऱ्यानंतर आठवडाभरानं जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच गाडीपाशी गेलो. मनाशी म्हणालो, सुती दोरा आहे, इंजिनाच्या थरथरीनं झिजणार, आज ना उद्या तुटणार. हे फिटरचं बोलणं, आणि खोटं नव्हतं. पण एकनाथला सांगून करता आलं असतं की नाही? दोरा तसाच ठेवून वर तार घालता आली असती की नाही? ते नको होतं मला. मला त्यांची गाठ काढायची होती आणि तिथं माझं काहीतरी लावायचं होतं. एवढंच. दुसरं काही कारण नाही, मी खूप शोधलं.

गाठ सुटेना. नखानं सुटेना, पक्कडीनं सुटेना. दहा मिनिटं झटलो आणि शेवटी करवतीच्या पात्याचा तुकडा घेऊन कापली. घंटीच्या कडीतून बोल्ट घातला, पट्टीला भोक होतंच, त्यातून मागे काढला आणि नट आवळला. मग तोच दोरा बोल्टच्या डोक्यावरून सात वेढे गुंडाळला, कापलेली टोकं आत दडवली आणि वर गाठ मारली. वहिनींसारखीच दिसेल अशी. लांबून काय, जवळूनही कुणाला कळलं नसतं.

एक राहिलं. एका नटामागे दुसरा नट बसवायचा असतो, म्हणजे थरथरीनं पहिला फिरत नाही. चेक-नट म्हणतात त्याला. शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. माझ्या खिशात त्या मापाचा दुसरा नट नव्हता आणि सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. उद्या बसवू म्हणालो.

विसरलो, असं सांगितलं तर तुम्ही मानाल. पण विसरलो नाही. रोज मागे बसलो की आठवायचं. रोज उद्या म्हणायचो, कारण परत हात लावायचा तर परत चोरून जावं लागणार, परत दोरा सोडावा लागणार. आणि खरं सांगू — मला वाटायचं, मी आवळलेला नट आहे, कुठं जातोय. दिवाळी आली. दोघं गाडीवर पिंपळगावला जाऊन आले. मी वरच्या खोलीत बसून एकट्यानं फराळ खाल्ला, वहिनींनीच डब्यात घालून ठेवलेला. तेव्हाही आठवलं होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. पहिली पाळी तीनला सुटली. एकलहऱ्याकडून नाशिकरोडकडे येताना दोन्ही बाजूंना ऊस होता. एकनाथ काहीतरी सांगत होता, बहुधा मावशींच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं. मला आधी आवाज थांबल्याचं कळलं. मग त्यालाही कळलं. त्यानं गाडी बाजूला घेतली, वाकून दिव्याखाली पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“अरे, घंटी पडली. आता हिला काय सांगू?”

गाडीचा स्टँड मोडका होता, कुणीतरी धरूनच उभं राहावं लागायचं. तू गाडी धर, मी बघून येतो, म्हणाला. आणि चालत मागे गेला.

आता ऐका. तेव्हा मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. अरे नाथ्या, ती गाठ वहिनींची नव्हतीच, मी कापून बोल्ट लावला होता. एवढंच. तो हसला असता, एक सणसणीत शिवी हासडली असती, आणि म्हणाला असता, चल बस, घरी जाऊन दोघं मिळून तिच्या शिव्या खाऊ. दुसरी घंटी आणली असती. त्याचं असंच होतं, राग त्याच्यात टिकत नसे. मला हे माहीत होतं. पण मी गाडीचं हँडल धरून उभा राहिलो आणि मनात एकच चाललं होतं, की त्याला घंटी सापडू नये. सापडली तर त्यात बोल्ट दिसेल. त्याला ती सापडू नये असं मी देवाजवळ मागत होतो.

तो खाली वाकून रस्त्याची कड बघत चालला होता. पलीकडच्या बाजूनं एक बैलगाडी त्याच्याच दिशेनं चालली होती, त्याच्या पाठीमागून ट्रक आला. ट्रकनं बैलगाडीला ओलांडायला म्हणून अलीकडच्या, त्याच्या कडेला घेतलं. मी ओरडलो का? ओरडलो असेन. आठवत नाही. गाडी माझ्या हातातून पडली, ते आठवतं.

लोक जमले. ट्रकवाल्यानंच त्याला उचलून आत घेतलं. मी चढणार तेवढ्यात मला घंटी दिसली. तिथून वीस पावलांवर, मुरमात. बोल्ट तिच्यात तसाच होता, दोऱ्यानं गुंडाळलेला. नट कुठं तरी गळून गेला होता. ट्रकवाला हाका मारत होता, अहो चला, चला. आणि मी वाकलो, घंटी उचलली, दोरा ओरबाडून काढला, बोल्ट उसात फेकला. मग चढलो. माझा मित्र आत पडला होता आणि मी आधी हे केलं. किती वेळ लागला असेल? फार नाही. पण लागला.

दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

घंटी आणि दोऱ्याचे तुकडे मी मावशींच्या हातात दिले. का दिले? फेकून देता आले असते. मला वाटतं, कुणीतरी विचारण्याआधीच मला उत्तर देऊन टाकायचं होतं. आणि उत्तर बरोबर लागू पडलं. तेराव्याला नामपूरला घरभर बायका होत्या आणि मावशी दोऱ्याचे तुकडे पदरात धरून प्रत्येकीला दाखवत होत्या. “इनी गाठ ढिली व्हती. मना पोऱ्या गया.” हिची गाठ सैल होती, माझा पोर गेला. आईचं दुःख होतं ते, त्याला कुठं तरी जायला जागा हवी होती. जागा मी दाखवली होती.

वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. मी निघताना उंबऱ्यापाशी आल्या आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, “भाऊजी, तुम्ही रोज बरोबर असायचात. गाठ सैल झालेली दिसली होती का हो तुम्हाला?”

मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं, वहिनी.”

नाही, असं म्हणता आलं असतं. तेवढं खरं बोललो असतो तरी त्या सुटल्या असत्या. पण नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग पडली कशी? म्हणून मी अधलंमधलं बोललो, आणि ते त्यांच्या अंगावर कायमचं पडलं.

महिनाभरात त्यांना पिंपळगावला भावाकडे पोचवलं. सासरचं पुन्हा कुणी आणायला गेलं नाही. गुरुजींनी मला विचारलं, खालची खोली परत घेता का. मी घेतली. हो, घेतली. दोन माणसांची भांडी होती तिथं, ती कधी कुणी न्यायला आलं नाही. मी एकातच जेवायचो. कामावर बसनं जायला लागलो. खात्यात लोक अजून म्हणायचे, यानं आवळलंय ना, मग झालं. मी त्यांना कधी थांबवलं नाही.

सहा-सात वर्षं गेली. मी बहिणीकडे जायला निघालो होतो, सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मोठ्या बसस्थानकावर, सकाळच्या गर्दीत उभा होतो. “भाऊजी ना?” म्हणून आवाज आला. वहिनी. बालवाडीत शिकवत होत्या, कसल्याशा शिबिराला नाशिकला आल्या होत्या, परत निघाल्या होत्या. वाळल्या होत्या फार. मला वाटलं, निघून जावं. पण त्यांना मला बघून खरंच बरं वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्या घरात एकनाथचं नाव कुणी काढत नसे. नाव काढता येईल असा मी एकच माणूस भेटलो होतो.

बाकावर बसून बोलायला लागल्या. तक्रार म्हणून नाही, सहज. म्हणाल्या, माझ्या हाताला यश नाही असं घरात सगळ्यांच्या मनात बसलंय. मी पोत्याचं तोंड बांधलं तर भावजय सोडून पुन्हा बांधते. वासराचं दावं मला बांधू देत नाहीत. भाचीचं बारसं झालं, पाळण्याच्या दोरीला मी नुसता हात लावला तर भावानं हळूच बाजूला घेतलं. वाईट नाहीत हो ते, म्हणाल्या, भितात बिचारे.

मग म्हणाल्या, “आणि भाऊजी, खरंच असेल ते. मी खूप आठवून पाहिलं. आदल्या दिवशी मी हातावर मेंदी काढली होती, हात दुखत होता. गाठ नीट ओढलीच गेली नसणार माझ्याकडून. आता मला स्पष्ट आठवतं.”

मेंदी नव्हती. मी तिथं होतो. दात ओठात रोवून ओढलेली ती गाठ करवतीच्या पात्यानं कापली मी. या माझ्या हातांनी. ते त्यांना सांगायला मला त्या बाकावर अर्धा तास मिळाला होता. बसही उशिरा आली. नशिबानं माझ्यासाठी आणखी काय करायचं?

मी काय केलं सांगू? मी त्यांची समजूत काढली. अगदी मायेनं, मोठ्या भावासारखी. “जाऊ द्या वहिनी. होतं एखाद्या वेळी माणसाकडून. तुम्ही काय मुद्दाम केलंत? मनाला लावून घेऊ नका.”

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदरानं पुसलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हणालं नाही.

त्या अजून आहेत. पिंपळगावलाच. बस कितीतरी आहेत, तासाभराचा रस्ता. आणि मी हे तुम्हाला सांगतोय, त्यांना नाही. यावर मला काही म्हणायचं नाही.

त्या दिवशी त्यांची बस लागली. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि एवढ्या लोकांत वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकलो नाही. मी नमस्कार करू दिला.